हजर ड्रायव्हर

सरकारी नोंदींवर विश्वास ठेवायचा झाला, तर सोलापूर जिल्ह्यात रफीक शेखइतका बेदरकार ड्रायव्हर दुसरा सापडायचा नाही. मंद्रूपच्या रस्त्यावर दूधवाल्याला उडवणारा तो. बार्शीला जाताना ऐन बाजाराच्या दिवशी बैलगाडीला मागून धडकणारा तो. होटगीजवळ एसटीच्या थांब्यात जीप घुसवणारा तो, आणि सात रस्ता चौकात लाल दिव्यात घुसून रिक्षा आडवी करणाराही तोच. चार गुन्हे, आणि चारही त्यानं कोर्टासमोर उभं राहून मान खाली घालून कबूल केलेले.

प्रत्यक्षात हा माणूस गाडी कशी चालवतो म्हणाल, तर मोकळ्या रस्त्यावरही काटा पन्नासच्या पुढं गेला की त्याच्या कपाळावर घाम येतो. वळण दिसायच्या आधीच त्याचा इंडिकेटर लुकलुकायला लागतो. शेळी रस्त्याच्या कडेला नुसती उभी असली, तरी तिचा विचार पक्का होईपर्यंत तो थांबतो. त्याच्या मालकांचे एक पाहुणे त्याच्या गाडीतून पुण्याला निघाले होते, ते वैतागून टेंभुर्णीला उतरले, एसटीत बसले आणि याच्या आधी पुण्यात पोचून जेवून झोपलेसुद्धा. तीस वर्षांत त्याच्या हातून कोंबडीचं पीसही तुटलेलं नाही.

आता एवढा सावध माणूस कागदावर एवढा बेदरकार कसा झाला, हे सोलापुरातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारून बघा. तो सांगणार नाही, पण त्याला ठाऊक असतं. धंद्यातली जुनी रीत आहे. मालकाच्या घरातल्या कुणी गाडी ठोकली, की संध्याकाळच्या आत ठाण्यात एक ड्रायव्हर हजर करायचा. गाडी तोच चालवत होता असं त्यानं सांगायचं, सगळ्यांनी ते मान्य करायचं आणि घरचं पोरगं जेवायला घरी. अशा माणसाला म्हणतात हजर ड्रायव्हर. या पदासाठी जाहिरात निघत नाही. चालू लायसन्स हवं, चेहरा गरीब हवा, बायकापोरं हवीत आणि तोंडाला उलट उत्तराची सवय नको. रफीकमध्ये हे सगळे गुण ठासून भरलेले होते. त्यात तो खाल्ल्या मिठाला जागणारा. हा गुण मालक लोकांना फार आवडतो, कारण मीठ त्यांचं स्वस्तात जातं.

मालक म्हणजे अण्णाराव. आठ ट्रक, दोन जिपा, एक लांबलचक मोटार आणि एकुलता एक मुलगा, दिग्विजय. यातल्या शेवटच्यालाच काय तो ब्रेक नव्हता.

पहिला प्रसंग घडला तेव्हा दिग्विजय बारावीत होता. लायसन्स नव्हतं, पण वडलांची जीप होती, आणि वडलांच्या मते तेवढं पुरे होतं. मंद्रूपला मित्राच्या शेतावर हुरडा खायला चाललेल्या या युवराजानं समोरून सायकलवर कॅन लटकवून येणाऱ्या ज्ञानू दूधवाल्याला उडवलं. पायाची दोन हाडं मोडली. त्या वेळी या अपघाताचा आरोपी आपल्या घरी, जेवून, पोटावर हात ठेवून डुलकी काढत होता. त्याला उठवून बोलावून घेतलं.

"रफीक, पोराच्या आयुष्याचा सवाल हाय," अण्णाराव म्हणाले. "तुझं काय, तू पडलास ड्रायव्हर माणूस. ड्रायव्हरच्या नावावर एकबी केस नसंल तर लोक म्हनत्यात ह्यानं कधी गाडी चालवली तरी का? आन् तू काय परका हायेस का, घरचा मानूस की."

घरचा माणूस म्हणजे कोण, तर ज्याला घरच्या पंगतीला बोलवायचं विसरतात, पण घरच्या भानगडीला ज्याची पहिली आठवण होते तो. रफीकला मात्र हे ऐकून खरंच भरून आलं.

रीतीचा दुसरा भाग असा, की हजर ड्रायव्हरनं दवाखान्यात जाऊन जखमी माणसाची माफीही मागायची. त्यानं माणूस मऊ पडतो, जबाब मऊ पडतो आणि वकिलाचं काम हलकं होतं. रफीक मोसंबी घेऊन गेला. ज्ञानूचा प्लास्टरमधला पाय दोरीला टांगलेला बघितल्यावर त्याला खरोखरच रडू कोसळलं. ज्ञानू बिचारा स्वतःच त्याची समजूत घालायला लागला. "रडू नगंस बाबा. तू काय मुद्दाम केलंस व्हय? तुलाबी लेकरं असतील की." अण्णारावांना हे कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, आपला रफीक लई मनापासून काम करतो.

कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल आहे का. रफीक म्हणाला, हो साहेब. दंड झाला, तो मालकांनी भरला. कोर्ट उठेपर्यंत कैद झाली, ती रफीकनं भोगली, म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. वर लायसन्स तीन महिने निलंबित झालं. आता खरी गंमत ऐका. त्या तीन महिन्यांत रफीकनं स्टिअरिंगला हात लावला नाही, कारण कायदा म्हणजे कायदा. मग मालकांची गाडी कोण चालवणार? दिग्विजय चालवायचा. ज्यानं ठोकली तो चालवत होता, आणि ज्यानं ठोकली नाही तो शेजारी पट्टा बांधून जीव मुठीत धरून बसत होता.

पुढच्या तिन्ही वेळा तर समजूतही घालावी लागली नाही. "तुझं नाव तर लागलेलंच हाय की," एवढं म्हटलं की काम भागायचं. ठाण्यातला हवालदार त्याला पाहून खुर्ची पुढं करायचा. रफीकच्या गल्लीत पोरं त्याला 'रफीक ठोक्या' म्हणायला लागली, आणि त्याची लेक शाइस्ता शाळेत ठोक्याची पोरगी झाली.

ही शाइस्ता म्हणजे रफीकच्या आयुष्यातली एकच अशी गोष्ट, जी सुसाट निघाली आणि त्याला त्याची भीती वाटली नाही. नर्सिंग केलं, इंग्रजीची परीक्षा दिली आणि थेट इंग्लंडातल्या एका दवाखान्यात लागली. तिथंच तन्वीर नावाचा मुलगा तिला भेटला. मूळचा गुलबर्ग्याकडचा, एक्स-रे काढायच्या कामावर, घरची माणसं सरळ. दोघांना मिळून सुट्टी मिळायची मारामार, म्हणून निकाह तिकडंच करायचा ठरलं. तारीख ठरली डिसेंबरची. शाइस्तानं फोनवर बजावलं, "अब्बा, वली तुम्ही आहात. तुम्ही शेजारी बसल्याशिवाय मी सही करणार नाही." वली म्हणजे निकाहात मुलीच्या बाजूनं इजाजत देणारा, बहुतेक वेळा बाप. रफीकनं त्या दिवशी कोट शिवायला टाकला. आयुष्यात पाचव्यांदा त्याला कुणीतरी कुठंतरी हजर राहायला सांगत होतं, आणि या वेळी त्याच्या स्वतःच्या नावानं.

मग व्हिसाचा अर्ज आला. तो शाइस्तानंच तिकडून कॉम्प्युटरवर भरायला घेतला आणि एकेक प्रश्न फोनवर विचारत गेली. नाव, जन्म, पगार, सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती थांबली.

"अब्बा, इथं विचारलंय, कधी शिक्षा झालीय का. गाडी चालवण्याच्या गुन्ह्यांचीसुद्धा. चार ना?"

रफीकची बायको माजिदा तिथंच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "नाही म्हणून लिव, बेटी. पासपोर्ट काढून देणारा एजंट तेच म्हणला. इंग्लंडच्या साहेबाला मंद्रूप कुटं ठावं?"

"नक्को अम्मी. खोटं लिहिलं आणि सापडलं, तर दहा वर्षं दार बंद."

"मग खरं लिव, तुज्या अब्बानं काय केलेलंच न्हाय म्हणून," माजिदा फटकन बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सात वर्षं त्या घरात न बोललेली गोष्ट फोनवरून थेट इंग्लंडला पोचली होती.

 मग शाइस्ता म्हणाली, "मी शाळेत भांडायचे, अब्बा. माझे अब्बा असं करूच शकत नाहीत म्हणायचे. मग ती वर्गातली रेश्मा म्हणाली, तुझ्या बापानंच कोर्टात कबूल केलंय. तेव्हापासून मी भांडायचं सोडलं. मी मानलं, तुम्ही केलं असेल."

 दिग्विजयचं आयुष्य वाचवताना रफीकनं आपल्या पोरीची खात्री खर्ची घातली होती, आणि हे त्याला त्या घडीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "मालकांशी बोलून बघतो."

मालकांशी बोलायला तो गेला, तेव्हा तिथं वकीलही बसलेले होते. रफीकची मागणी साधी होती. त्या चार वेळा गाडी मी चालवत नव्हतो, एवढं एका कागदावर लिहून द्यावं.

वकिलांनी चष्मा पुसला. त्यांनी कायदा असा समजावला, की तू गुन्हा केलास म्हटलंस तर तू बेदरकार ड्रायव्हर. केला नाहीस म्हटलंस तर तू कोर्टात खोटं बोललास, तो निराळा गुन्हा. "म्हणजे बघ, गुन्हेगार तू दोन्हीकडून आहेस. त्यातल्या त्यात बेदरकार राहा, त्याची शिक्षा भोगून झालीय." आणि याबद्दल त्यांनी रफीककडून फीसुद्धा घेतली नाही.

अण्णाराव मात्र हळहळले. "तुला कागद दिला असता रे, पन दिग्याचाबी अर्ज गेलाय की तिकडंच. लॉजिस्टिक्सचं मास्टर करायचं म्हनतोय. आता मी तसं लिवून दिलं तर त्येच्या अर्जाचं काय व्हईल?" मग त्यांनी उदार मनानं, छापील लेटरहेडवर, रफीक हा अत्यंत प्रामाणिक व भरवशाचा चालक असल्याचं प्रमाणपत्र दिलं. खाली शिक्का मारला. चार गुन्ह्यांच्या शेजारी ते प्रमाणपत्र लावल्यावर साहेबाला काय वाटलं असेल, हे एक तो साहेबच जाणे.

शाइस्तानं अर्जात 'हो' लिहिलं आणि चारही गुन्हे एकाखाली एक घातले. त्याच महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला दिग्विजयनं त्याच प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याला कुठल्या कोर्टानं कधी शिक्षा केलीच नव्हती.

निकाल आले. दिग्विजयला व्हिसा मिळाला. माजिदाला मिळाला. रफीकला नाकारला. पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं, की अर्जदारानं रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाची वारंवार पर्वा केलेली नाही, सबब त्याला येऊ देणं योग्य वाटत नाही. शेळीला रस्ता देणाऱ्या माणसाबद्दल इंग्लंडचं सरकार इतकं सावध राहिलं, याबद्दल तिथल्या जनतेनं निर्धास्त झोपायला हरकत नाही.

माजिदा आयुष्यात बार्शीलासुद्धा एकटी गेली नव्हती, ती इंग्लंडला एकटी गेली. विमानतळावर तिनं रफीकला विचारलं, "तिथं लोक विचारतील, नवरीचा बाप कुटंय. काय सांगू?" रफीक म्हणाला, "तब्येत बरी नाही म्हण." आणि शिवलेला कोट कपाटात राहिला म्हणून तिच्यावरच चिडला.

निकाहाच्या दिवशी त्यानं तोच कोट घालून, घराच्या पुढच्या खोलीत, खुर्चीवर मोबाइल टेकवून इजाजत दिली. मौलवींनी दोनदा विचारलं, कारण आवाज तुटत होता. शाइस्ताच्या शेजारी तन्वीरच्या मामांना बसवलं होतं. तिनं सही केली. पडद्यावर तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, मेंदीचा हात तेवढा दिसला. फोन बंद झाल्यावर रफीकनं कोट काढला, त्याची घडी घातली आणि त्या रिकाम्या घरात तोंडावर टॉवेल धरून मनसोक्त रडला. आता रडायला कुणाचा मोडलेला पाय लागत नव्हता.

इकडं अण्णारावांच्या घरी दिग्विजयच्या निरोपाच्या पंगती उठत होत्या. चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्यात तो गॉगल घालून गाडीच्या बॉनेटवर बसलेला. जायला आठवडा उरला असताना त्यानं ती लांबलचक मोटार काढली आणि मित्रांना भेटायला जाताना रस्त्याच्या कडेला मेथी-पालकाच्या जुड्या मांडून बसलेल्या रंभाबाईच्या अंगावर घातली. म्हातारीचा हात मोडला, भाजीचा चेंदा झाला. दिग्विजयनं काच वर घेतली आणि घर गाठलं.

अण्णारावांनी रफीकला बोलावलं. या खेपेला आवाजात काळजी अशी नव्हतीच, उलट अडलेलं गणित सुटल्यासारखे ते दिसत होते.

"हे बघ रफीक, तुझा व्हिसा तर गेलाच. पोरीचं लगीन झालं. आता चार केसा काय आन् पाच काय? तुझं आनखी काय बिघडनार हाय, सांग की."

रफीकनं मनाशी खरंच हिशोब करून पाहिला. मालकांचं म्हणणं बरोबर होतं. आणखी बिघडायला काही शिल्लक नव्हतं. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि निघाला. सवयीनं दवाखान्याच्या दारात मोसंबीही घेतली.

रंभाबाई खाटेवर बसलेली होती, हात गळ्यात बांधलेला. रफीक जवळ गेला, हात जोडले आणि पाठ झालेलं बोलायला लागला. "मावशी, माझ्याकडनं चूक झाली. गाडी मी..."

"तू कोन रं?"

"ड्रायव्हर, मावशी. गाडी मीच चालवत होतो."

म्हातारीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "हात मोडलाय माजा, डोळं न्हाईत फुटलं. गोरं गोरं पोरगं हुतं. कानात कायतरी घातलेलं. माज्याकडं बघितलं त्येनं, आन् काच वर केली. तू न्हवंस त्यो."

"मीच होतो, मावशी."

"आरं माफी मागायला बी मानूस भाड्यानं आनला व्हय?" रंभाबाईचा आवाज चढला तशा शेजारच्या खाटा वळून बघायला लागल्या. "तू मागनार, आन् मी म्हननार जा बाबा, माफ केलं. मग ती माफी लागली कुनाला? त्यो तर तितं बसलाय मजेत. उद्या आनखी कुनाच्या तरी अंगावर घालंल, आन् तू तितंबी जाशील मोसंबी घिऊन. त्येला चालवतोय कोन मग? तूच चालवतुयास की!"

रफीक उभाच राहिला. त्याचं आजवर असं म्हणणं होतं, की या सगळ्यात नुकसान झालं ते आपलं एकट्याचं. नाव आपलं गेलं, मानाची खुर्ची आपली गेली. त्या समजुतीत त्याला थोडं बरंही वाटायचं, आपण कुणासाठी तरी सोसतोय असं. पण ज्ञानूच्या वेळीच जर तो घरी झोपून राहिला असता, तर त्या पोराला लायसन्स निघायच्या आधीच कोर्ट दिसलं असतं. मग बैलगाडी वाचली असती, थांब्यावरची माणसं वाचली असती, तो रिक्षावाला वाचला असता, आणि ही बाई आत्ता मेथीच्या जुड्या बांधत बसली असती. पंचेचाळीसच्या वेगानं गाडी हाकणारा हा माणूस सात वर्षं दुसऱ्याच्या पायानं ॲक्सिलरेटर दाबत आला होता. त्याला लाज वाटली. कोर्टात चार वेळा उभं राहून वाटली नव्हती, ती सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात वाटली.

तो वळला, तेव्हा रंभाबाई मागून म्हणाली, "ती मोसंबी तेवढी ठिवून जा. सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

ठाण्यात हवालदारानं त्याला बघून खुर्ची सरकवली, चहा सांगितला आणि कागद पुढं ओढला. "बोल रफीक. वेग जास्त होता का सूर्य डोळ्यावर आला?"

"गाडी मी चालवत नव्हतो."

हवालदार हसला. मग रफीक हसत नाही म्हटल्यावर तो गंभीर झाला. "असं कसं? तुझं रेकॉर्ड बघ की. चार ठोकलेला माणूस पाचव्याला नाही म्हणतो, याला आम्ही सराईत म्हणतो." आजवर रफीक खोटं बोलला तेव्हा त्याच्याकडं कुणी पुरावा मागितला नव्हता. आता खरं बोलला तर त्याचा पुरावा त्याच्याच विरुद्ध उभा होता.

"त्या बाईंनी बघितलंय. त्यांचा जबाब घ्या."

"घेऊ सावकाश."

"मी थांबतो," रफीक म्हणाला आणि बाकावर बसला. कोर्ट उठेपर्यंत बसायची त्याला सवय होती. साहेब आले, गेले, पुन्हा आले. मालकांचे फोन आले. एकदा स्वतः वकील येऊन कानात बोलून गेले. हा बाकावरून हलला नाही. शेवटी एवढ्या माणसांनी एवढ्या वेळा येऊन बघितल्यावर, नाइलाजानं एका शिपायाला रंभाबाईकडं धाडावं लागलं. तिनं पोराचं वर्णन तर सांगितलंच, वर चौकातल्या फ्लेक्सवर तोच हाय म्हणून पत्ताही सांगितला.

गुन्हा दिग्विजयच्या नावावर दाखल झाला. त्याचं विमान त्याच्याशिवाय गेलं. केस लागलेली असताना पुढच्या अर्जात काय लिहायचं, यावर आता तेच वकील चष्मा पुसत असतात. अण्णारावांनी रफीककडून किल्ली परत मागवून घेतली आणि ऑफिसात सांगितलं, की माणसाच्या जातीवर विश्वासच ठेवू नये. रफीक एका शाळेच्या व्हॅनवर काम मागायला गेला. त्यांनी त्याचं रेकॉर्ड बघितलं आणि हात जोडले. सध्या तो शेजारच्याचा टेम्पो चालवतो, चादरींच्या गाठी पोचवतो, आणि व्यापारी तक्रार करतात की माल फार उशिरा येतो.

माजिदा परत आल्यावर एका रविवारी शाइस्ताचा फोन आला. दुसऱ्यांदा अर्ज करू म्हणत होती. नव्यानं, व्यवस्थित, सगळी हकीकत लिहून. आता दिग्विजयवर केस आहे, रंभाबाईचा जबाब आहे, म्हणजे मागचंही कुणीतरी ऐकेल, असं तिला वाटत होतं.

"मी लिहिते अब्बा, की ते चार गुन्हे तुम्ही केलेले नाहीत. मला आता माहीत आहे ना."

 "मी परवा मंद्रूपला जाऊन आलो," रफीक म्हणाला. "ज्ञानूला खरं सांगितलं. अजून लंगडतो तो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, मी तुला माफ केलं हुतं, आता कुनाला करू? आणि आत निघून गेला."

"अब्बा..."

"दूधवाल्याची माफी मी घेतली, बेटी. त्या पोराच्या हातात किल्ली चार वेळा परत मी दिली. ते चार माझेच आहेत. तू 'हो' लिही."

शाइस्तानं 'हो' लिहिलं आणि खाली चारही गुन्हे घालायला घेतले. तिच्या बाजूनं कळफलकाचा बारीक आवाज येत राहिला, आणि तो थांबेपर्यंत रफीक फोन कानाला धरून बसून राहिला.